मॅमोग्राफीत नेमकं काय करतात? फार दुखतं का?

मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन प्लेट्समध्ये दाबून काढलेला एक्स-रे. दाब जाणवतो, पण एका फोटोला काही सेकंदच. प्रत्येक स्तनाचे साधारण दोन एक्स-रे निघतात, एक वरून आणि एक तिरका. तिरक्यात काखेकडचा भागही प्लेटखाली ओढून घेतात. जास्त त्रास होतो तो तिथेच. खांदा सैल सोडा. स्तन जितका सपाट, तितकं चित्र स्पष्ट आणि किरणंही कमी लागतात, म्हणून दाबणं टळत नाही. हललात तर फोटो पुन्हा.

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. त्या दिवशी डिओ, पावडर नको. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि असे ठिपके कधीकधी कॅन्सरची खूण असू शकतात. आधीच्या मॅमोग्राफीचे फोटो असतील तर तुलनेसाठी न्याच, नुसता रिपोर्ट पुरत नाही. जादा फोटो किंवा सोनोग्राफीसाठी परत बोलावलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही.