भूशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर रिमोट सेन्सिंगकडे वळावं का?

रिमोट सेन्सिंगकडे, म्हणजे उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून जमीन-पाण्याच्या अभ्यासाकडे, जरूर वळा, पण भूशास्त्र सोडून नको. सॉफ्टवेअर चालवणारे पुष्कळ मिळतात. चित्रातली रेघ भ्रंशाची (खडक सरकून पडलेल्या तड्याची) आहे की रस्त्याची, हे ओळखणारे कमी.

पुढचा रस्ता: एम.एस्सी. करा, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या सीएसआरई या रिमोट सेन्सिंग शिकवणाऱ्या विभागात एम.टेक. साठी प्रयत्न करता येतो. दुसरा पर्याय डेहराडूनची आयआयआरएस, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग. १९६६ पासूनची ही संस्था आज इस्रोच्या अखत्यारीत आहे, आणि तिथल्या एम.टेक.ची पदवी आंध्र विद्यापीठ देतं. तिचे मोफत ऑनलाइन कोर्स आत्ताच सुरू करा.

प्रवेशाची वाट बघत बसू नका, हे मात्र कळकळीनं सांगतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, चित्रातला एक पिक्सेल (ठिपका) जमिनीवर १० मीटरचा. ती उघडून मोजमाप करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. उजनी धरणाचं ऑक्टोबरचं आणि मेचं चित्र उतरवून घ्या. पाणी जवळचा इन्फ्रारेड (लाल रंगापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश शोषून घेतं, म्हणून त्या प्रकाशात टिपलेल्या चित्रात काळं दिसतं. हिरवी पानं तोच प्रकाश परावर्तित करतात, म्हणून उजळ दिसतात. आता पाण्याचं क्षेत्र मोजा. काठाला जलपर्णी माजली असेल तर संगणक तिथलं पाणी जमिनीत धरेल, आणि तुमचा आकडा कमी येईल. ही चूक पकडायला काठावर जाऊन बघावंच लागतं. खरं शिक्षण तिथे होतं.

थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि संख्याशास्त्र हवंच. गणित कच्चं असेल तर आधी तेवढं पक्कं करा.