पगार कमी, रात्री फोन आणि हातात इसॉपचा कागद

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून मूळचा सोलापूरचा आहे. पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून मागच्या वर्षी घरी परतलो आणि अक्कलकोट रोडवरच्या एका स्टार्टअपमध्ये लागलो. यंत्रमागावर सेन्सर बसवून किती टॉवेल निघाले याची नोंद ठेवणारी प्रणाली आम्ही कारखानदारांना देतो. आम्ही एकूण चौदा जण आहोत. काम मनासारखे आहे. पण पगार आधीपेक्षा कमी, रात्री अकरानंतरही फोन येतात आणि यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सुट्टी न मिळाल्याने अक्षता सोहळा मोबाइलवरच पाहावा लागला. आता कंपनी इसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे कंपनीचे शेअर घेण्याचा पर्याय, देऊ करते आहे. वडील विचारतात, ‘पीएफ नाही ती कसली नोकरी?’ मी इथे राहावे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी रात्रीच्या फोनांचे पाहू. माग रात्रपाळीतही चालतात, आणि मजुरी नगावर ठरत असेल तर नोंद चुकल्यावर कारखान्यात वाद होणार व फोन येणारच. त्यात कारखानदाराचा दोष नाही. पण प्रत्येक फोन तुम्हीच उचलायचा, असे कोणी ठरवले? बहुधा कोणीच नाही. सुरुवातीला तुम्ही तो तत्परतेने उचललात आणि तीच रीत पडली. संस्थापकांसमोर बसून लेखी ठरवून घ्या, की नोंद पूर्ण थांबली असेल किंवा उद्या पगार काढायचा असताना आकडे जुळत नसतील, तरच रात्री फोन. अहवालाचा नमुना बदलून हवा असेल तर सकाळी दहानंतर. रात्रीची पाळी तिघांनी वाटून घ्यावी आणि ज्याला जागरण झाले त्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यावे. गड्ड्याची सुट्टी डिसेंबरातच मागा. अक्षतेच्या दिवशी निम्मे गाव नंदीध्वजांमागे असते, हे सोलापुरात कंपनी चालवणाऱ्याला सांगावे लागू नये. लागत असेल तर सांगा.

इसॉपच्या कागदावर मात्र घाईने सही करू नका. तो शेअर नव्हे, तर ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क आहे. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार किमान १ वर्ष उलटल्याशिवाय तो पक्का होत नाही, आणि अनेक कंपन्या तो ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का करतात. असे हक्क, म्हणजे ऑप्शन, किती मिळणार, यापेक्षा कंपनीच्या एकूण शेअरमध्ये त्यांचा वाटा किती, हे विचारा. नोकरी सोडल्यावर ते वापरायला किती दिवस मिळतात, तेही वाचा. मग कर येतो. समजा, १० रुपयांना मिळणाऱ्या शेअरची त्या दिवशीची वाजवी किंमत ११० रुपये आहे आणि तुम्ही १,००० शेअर घेतले, तर मधले १ लाख रुपये त्या वर्षीच्या तुमच्या पगारी उत्पन्नात धरले जातात, मग शेअर विकून हातात एक रुपयाही आलेला नसो. हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० च्या वित्त कायद्याने दिली खरी, पण ती केंद्र सरकारच्या आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेल्या पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांपुरतीच आहे. ‘स्टार्टअप इंडिया’ची नुसती मान्यता त्यासाठी पुरत नाही. शिवाय खासगी कंपनीच्या शेअरला गिऱ्हाईक सहज मिळत नाही. म्हणून इसॉपची किंमत शून्य धरून आजच्या पगारात घर चालते का, हे तपासा.

वडिलांचे बोलणे जुन्या वळणाचे म्हणून उडवून लावू नका. २० कर्मचारी होईपर्यंत भविष्य निर्वाह निधी (पीएफ) सहसा सक्तीचा नसतो, त्यामुळे तुमच्या कंपनीने नियम मोडला असे म्हणता येणार नाही. पण पुण्यात मूळ पगाराच्या १२ टक्के तुमच्याकडून आणि तेवढाच कंपनीकडून जमा होत असेल, तर ती बचत आता थांबली आहे. पगारातला फरक मोजताना तीही धरा, आणि पीपीएफमध्ये दरमहा स्वतःहून पैसे टाका.

माझे मत विचाराल तर राहावे, असे आहे. मोठ्या कंपनीत लिहिलेला कोड पुढे कुठे जातो, हे बहुतेकांना दिसतही नाही. इथे मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरशेजारी उभे राहून सेन्सरवर सुताची धूळ बसल्याने मोजणी कशी चुकते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहता आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता. या वयात हे शिक्षण कमी पगारातही परवडते. मात्र रात्रीच्या फोनांचा नियम आणि शेअरमधला तुमचा वाटा या दोन गोष्टी लेखी द्यायला संस्थापक टाळाटाळ करू लागले, तर दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात करा.