सिनेमातल्या पडापडीच्या विनोदाला मुलं लोळून हसतात, मोठे मात्र अर्ध्या तासात कंटाळतात. असं का?

मुलांचं हसणं समजायला सोपं आहे. शाब्दिक कोटी कळायला भाषा मुरावी लागते, घसरून पडणं कळायला काहीच लागत नाही. शिवाय दिवसभर मोठ्यांची बोलणी खाणाऱ्याला एखादा रुबाबदार मोठा माणूस तोंडावर आपटताना बघायला मिळाला, तर तो का सोडेल?

मोठे कंटाळतात तो दोष वयाचा नाही, लिहिणाऱ्याचा असतो. ‘होम अलोन’ (१९९०) आठवा: घरी एकटा राहिलेला मुलगा सापळे लावून चोरांना पळता भुई थोडी करतो. सापळ्यांची धमाल येते शेवटी शेवटी. तोवर मुलाचं एकटेपण आणि चोरांचा माज आपल्याला पुरेसा दिसलेला असतो. सापळे लावतानाही आपण त्याच्यासोबत असतो, म्हणून चोर पायरीवर पाय ठेवायच्या आधीच हसू फुटतं. दुसऱ्या भागात (१९९२) गच्चीवरून एकाच चोराच्या डोक्यात एकामागून एक विटा पडतात. पहिलीला मी हसलो, पुढच्यांना नाही. त्यात नवीन काही घडतच नाही, फक्त मार वाढतो.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटनवर कोसळते आणि उघड्या खिडकीच्या जागेत तो उभाच्या उभा वाचतो. भिंत खरोखरची जड होती आणि सगळं दुरून, एकाच शॉटमध्ये दिसतं. आता बऱ्याचदा पाय, चेहरा, ‘धप्प’ असा आवाज, असे तुकडे जोडलेले असतात. माणूस पडला हे कळतं, पडताना दिसत नाही. (अवघड जागी लागलेला फटका हा तर पटकथाकाराचा निव्वळ आळस.)

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. तिसऱ्या मजल्यावरून पडलेला बाबा कपडे झटकून उठतो आणि दहा मिनिटांनी त्याच्याच आजारपणावर आपण रडावं अशी अपेक्षा असते. शरीर रबराचं की हाडामांसाचं, हे सिनेमाने एकदा ठरवावं ना! आणि पडणारा दर वेळी जाडा, म्हातारा किंवा तोतराच असेल, तर ती सरळ टिंगल झाली.

अगदी लहान मुलं सोबत असतील तर ती नक्कल करायला जातात. अशा वेळी हे सराव केलेल्या स्टंटमननी केलंय, असं मी आधीच सांगून टाकतो. त्याने त्यांची मजा कमी होत नाही. उलट ‘मग ते कसं केलं असेल?’ यावरच सिनेमापेक्षा जास्त वेळ जातो.