'भूकंप झाला म्हणून तू शिकलीस का?'

ताई, मी ४६ वर्षांची आहे. आमचं गाव किल्लारीपासून जवळच, आताच्या लोहारा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते. आदल्या रात्री गणपती बोळवून उशिरा आलो, मी आणि भाऊ अंगणातच झोपलो म्हणून वाचलो. माय आणि धाकटी बहीण आत होत्या. पुढे मी पुण्याला वसतिगृहात राहून शिकले, भूकंपग्रस्तांच्या आरक्षणातून सरकारी नोकरी लागली. परवा माझी लेक शाळेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकल्पासाठी मला प्रश्न विचारत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे भूकंप झाला म्हणून तू शिकलीस का? नाहीतर लग्नच लावलं असतं तुझं." मी तिच्या थोबाडीत मारली. आजवर कधी हात उचलला नव्हता. खरं सांगू? ती बोलली ते मी कित्येक वर्षं मनात म्हणत आलेय. त्या उन्हाळ्यात मला उमरग्याकडचं स्थळ आलंही होतं. आणखी एक कुणाला न सांगितलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये मदतीच्या कपड्यांत मला निळा पंजाबी ड्रेस मिळाला होता. तो घालून मी मैत्रिणींबरोबर पोट दुखेपर्यंत हसले होते. मायला जाऊन महिनाही झाला नव्हता. मी कसली मुलगी? आणि आता लेकीला काय सांगू?
– एक भूकंपग्रस्त

बाई, आधी लेकीजवळ जा आणि 'चुकलं माझं' म्हणा. मागचंपुढचं नंतर. आईला आपण नेमकं कुठे दुखावलं हे त्या पोरीला कळलेलंच नाही, आणि ती आता तो विषय पुन्हा काढायला घाबरेल. तेवढं होऊ देऊ नका.

तिचा प्रश्न वाईट नाही. तिच्या वयाच्या मुलीला हिशेब असाच दिसणार. पण तुम्हीही इतकी वर्षं तोच हिशेब धरून बसलात, त्याचं मला वाईट वाटतं. भूकंपानं काय केलं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. ५२ गावं जमीनदोस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याचं काम तिथे संपलं. पुढचं सगळं माणसांनी केलं. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली, इकडे नळदुर्गला निराधार झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' उभं राहिलं. कुणीतरी तुमची फी भरली, कुणीतरी तुमचं गणित तपासलं, आणि रात्री दिवा लावून अभ्यासाला बसलात त्या तुम्ही. लेकीला हे सांगा.

मला राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. ती वसतिगृहं, त्या वह्या, ती फी १९९२ मध्ये का नाही मिळाली? शेतमजुराची हुशार पोरगी आदल्या वर्षीही तिथेच होती. घर पडेपर्यंत ती कुणाला दिसली नाही, ही लाज तुमची नाही. मायनं तुमचं लग्न लावलं असतं? लावलंही असतं. तिला दुसरं काही सुचावं अशी सोय आसपास होती कुठे? तिच्या जगण्यावाचण्याशी तुमच्या शिक्षणाचा सौदा झालाच नव्हता. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं की यातलं काय हवं. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, हे मी सांगायला नको.

नोकरीतल्या त्या २ टक्के आरक्षणावरून ऑफिसात कुणी कुजकट बोलत असेल तर त्यांना बोलू द्या. तो भूकंपग्रस्ताचा दाखला फाइलमध्ये लपवून ठेवण्यासारखा नाही.

आता निळ्या ड्रेसचं. इथे छापलं नाही, पण पत्रात शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की बहिणीला ओळखायला काका तुम्हालाच घेऊन गेले, कारण तिच्या पायातले वाळे तुम्ही रोज घालायचात. हे वाक्य मी दोनदा वाचलं. लहान लेकरांना कुणीतरी कडेवर घेतलं. मोठी माणसं पंचनामे, याद्या, अनुदान यांच्या मागे लागली. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र मोठ्यांचं काम सांगितलं गेलं आणि भाऊ सांभाळायला दिला गेला. रडायला जागा कुठली? एकेका सरणावर अनेकजण गेले, कित्येक घरांत दहावा-तेरावा करायलाही धड कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी चार मैत्रिणी एका शेडमध्ये जमल्या, कुणा शहरी मुलीचा ढगळ ड्रेस एकीच्या अंगावर चढला, ओढणी कशी घ्यायची ते एकीलाही येईना, आणि हसू फुटलं. फुटणारच. त्या हसण्यानं मायचं काही उणं झालं नाही. ती असती तर 'जरा नीट बस, बापाचं लक्ष जाईल' म्हणाली असती आणि पदराआड स्वतःही हसली असती. निदान मला तरी तुमच्या पत्रातली माय तशीच दिसते.

लेकीला तुमची माय कशी गेली हे माहीत झालंय. कशी होती हे तिला ठाऊक आहे का? भाकरी थापताना काय गुणगुणायची, कुणाशी भांडायची, तुम्हाला कशावरून मारायची? ते सांगा. जमलं तर तिला गावी न्या, पण ३० सप्टेंबरला नको. त्या दिवशी मानवंदना, भाषणं, कॅमेरे, आणि तुम्हाला रडू येवो न येवो, रडायचं दडपण. दिवाळीच्या सुट्टीत न्या. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या असतील, तरी तुमची चूल कुठे होती ते तुमच्या पायांना सापडेल. तिथून नव्या वस्तीत या. सरळ आखलेले रस्ते, जमिनीच्या हिशेबानं दिलेली २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं तिला दाखवा. म्हाताऱ्या शेजारणी भेटल्या तर त्यांना बोलू द्या. तुम्ही विसरलेल्या पुष्कळ गोष्टी त्या सांगतील, त्यांत निळा ड्रेसही निघाला तर आश्चर्य नको.

एक गोष्ट मात्र गप्पांवर सोडू नका. सप्टेंबर लागला की रोज चारच्या आत जाग येते, कपाटावर जड वस्तू ठेवू देत नाही, ट्रक गेला तरी छातीत धडधडतं, असं तुम्ही लिहिलंय. बत्तीस वर्षं सोसलंत, आता पुरे. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, यावर उपचार आहेत. एकदम दवाखान्यात जायला नको वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि तो प्रकल्प कधी द्यायचाय ते तुम्ही लिहिलं नाही. मुदत जवळ आली असेल तर आज संध्याकाळीच तिच्याशेजारी बसा. चिखलात रचलेल्या दगडी भिंतींच्या आत लाकडी खांब-तुळयांचे खण कसे असायचे, माळवदावर दरवर्षी नवी माती पडून ते कसं जड होत जायचं, पत्रा का बरा, हे तिच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलं असेल. तुम्ही चित्र काढून दाखवा.