थेट विंडोज उघडतंय म्हणून ग्रब पुन्हा टाकू नका

"विंडोजचं अपडेट झालं, रीस्टार्ट केलं तर ग्रबचा मेनूच गायब, पेनड्राइव्हवरून ग्रब परत टाकू का?" हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. थांबा. आज रात्री काहीही टाकू नका.

ग्रब, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोज की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हे विचारणारा प्रोग्रॅम, बहुतेक जागेवरच आहे. डिस्कवरच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये (सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायलींचा वेगळा कप्पा) मायक्रोसॉफ्ट आणि उबुंटू असे दोन फोल्डर शेजारीशेजारी असतात. आधी कोणाला उठवायचं ती यादी मात्र मदरबोर्डच्या मेमरीत असते, आणि अपडेटनंतर कधीकधी विंडोज तिथे पहिला नंबर पटकावून बसतं. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबा (काहींवर एफ९ किंवा एस्केप). यादीत उबुंटू दिसलं तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन त्याला वर सरकवा. बस्स.

मी ही यादी उघडलीच नव्हती. सरळ लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) लावला. तो बूट मेनूत दोनदा दिसत होता, एकदा नावाआधी 'यूईएफआय' (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेला, एकदा नुसता (जुनी, लेगसी पद्धत). मी नुसता निवडला आणि तिथेच माती खाल्ली. ग्रब टाकणारी 'ग्रब-इन्स्टॉल' कमांड कुरकुरली की या डिस्कवर बायोस बूट पार्टिशन (जुन्या पद्धतीला लागणारा कप्पा) नाही. मी फोर्स लावून दामटलं. मग बायोसमध्ये लेगसी मोड चालू केला. उबुंटू आलं, विंडोज गेलं. मोड परत यूईएफआयवर नेला असता तर विंडोज होतं तसं उघडलं असतं, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

तेव्हा घाबरून सर्व्हिस सेंटर गाठलं. नाव घेत नाही. काउंटरवरचा मुलगा झाकणावरचं पेंग्विनचं स्टिकर बघून म्हणाला, "सर, लिनक्स टाकलंय, वॉरंटीत नाही बसणार." फॉर्मवर मी 'डेटा ठेवावा' असं लिहिलं. खाली बारीक अक्षरांत डेटाची जबाबदारी ग्राहकाची असल्याचं छापलं होतं, ते न वाचता सही ठोकली. तीन दिवसांनी लॅपटॉप मिळाला: कोरं करकरीत विंडोज, एकच सी ड्राइव्ह, माझं होम पार्टिशन (उबुंटूमधल्या माझ्या फायलींचा कप्पा) साफ. पावतीवर लिहिलं होतं, 'बूट प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड'. अजून जपून ठेवलीय ती.

तर, यादीत उबुंटू नसेल तरच पेनड्राइव्ह, तोही यूईएफआय लिहिलेलाच. टर्मिनलमध्ये '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हा फोल्डर आहे का बघा (माझ्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, तुम्ही इंग्रजीत टाइप करा). नसेल तर चुकीच्या मोडमध्ये आहात, बाहेर पडा.

सिक्युअर बूटला (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सेटिंग) हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, नंतर विंडोज ती मागू शकतं. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर बऱ्याचदा गुपचूप चालू असतं. की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते. काहींचं लिनक्स सुरूच होऊ न देणाऱ्या विंडोजच्या ऑगस्ट २०२४च्या अपडेटचं कोणी नाव काढेल, पण त्यात 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा मजकूर येऊन मशीन बंद व्हायचं. तुमचं तसं दिसत नाही.

आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर उठण्याची सोय) बंदच ठेवा. ड्युअल बूटवाल्याला (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्याला) त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट ते चालू असलं की लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. हे माझं मत, मी काही इंजिनिअर नाही.

लॅपटॉप कुठला ते लिहिलं नाहीत. एफ१२च्या यादीचा फोटो टाका, मग बघू.