नेकलाइन तुटली की नुसती टोचली?

चार्टवर हेड अँड शोल्डर्स (मधे उंच डोकं, दोन्ही बाजूंना ठेंगणे खांदे, तेजी उलटण्याची खूण) दिसला, 500 ची नेकलाइन (डोक्याच्या दोन्ही बाजूंचे तळ जोडणारी रेष) तुटताच शॉर्ट केलं, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकलं, आणि अर्ध्या तासात 504 चा स्टॉपलॉस (तोटा थांबवायची ऑर्डर) उडाला, असं तुम्ही लिहिलंय. जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. पॅटर्न खरा होता का ते शेवटी बघू. आधी घाईचं बोलू.

रोजच्या चार्टवरचा पॅटर्न असेल तर ब्रेकही रोजच्या क्लोजिंगलाच, म्हणजे दिवसाच्या बंद भावालाच धरायचा. दुपारी 494 ला दिसणारी लाल कॅन्डल (त्या दिवसाच्या भावाची पट्टी) 506 ला बंद झाली, तर मागे उरते फक्त खालची विक, म्हणजे पट्टीची बारीक शेपटी. नेकलाइन शाबूत! मला सगळ्यात महाग पडला तो ब्रोकरच्या ॲपमधला अलर्ट. भाव नुसता टेकला तरी तो वाजायचा, क्लोजिंगशी त्याला देणंघेणं नाही. मदत कक्षाला विचारलं की दर वेळी तेच छापील उत्तर: 'अलर्ट व्यवस्थित चालू आहे.' चालू आहेच हो, पण कशावर? असो.

दुसरं, 504 चा स्टॉप. खऱ्या ब्रेकनंतरही भाव पुष्कळदा नेकलाइनला परत टेकतो, त्यात असा स्टॉप जातोच. तो उजव्या खांद्याच्या वर हवा. डोकं 560, उजवा खांदा 530, क्लोजिंग 495 धरा. टार्गेट 500 वजा 60, म्हणजे 440, स्टॉप 535. जोखीम 40, फायदा 55. फार देखणं गणित नाही, मान्य. पटत नसेल तर सौदा सोडा, पण स्टॉप जवळ ओढून गणित सजवू नका. 1 लाखावर 1 टक्का जोखीम म्हणजे 1000 भागिले 40, फक्त 25 शेअर. (नेकलाइन तिरकी असेल तर उंची डोक्याच्या सरळ खाली मोजा आणि ब्रेक झाला तिथून वजा करा.)

व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले ते) उजव्या खांद्यावर आटलेला बरा. खाली तुटताना तो वाढायलाच हवा असं नाही. भाव स्वतःच्या वजनानेही पडतो. उलट्या पॅटर्नमध्ये (डोकं खाली) नेकलाइन वर तुटताना मात्र व्हॉल्यूम नसेल तर मी हात लावत नाही. हे माझं मत, मी सल्लागार नाही. क्लोजिंगची वाट पाहूनही फसवे ब्रेक येतातच, आणि कधी क्लोजिंग थेट 480 ला मिळून सौदा हातचा जातो.

आता तुमचा पॅटर्न. डाव्या खांद्याआधी तेजी कुठे आहे? आडव्या बाजारातल्या तीन टेकड्या या तीन टेकड्याच, तिथे उलटायला काही नसतं.