स्वतः जोडलेली किट कार घेऊन, दिवसाला ६०० किलोमीटर धरून, दोन-तीन हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघावं का?

निघा की! किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडायची गाडी. मी लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची दोन आसनी गाडी स्वतः जोडली आणि पहिल्या मोठ्या प्रवासात आठ दिवसांत तिच्यावर २४०० किलोमीटर केले. तुम्ही विचारलंय, "इंजिन एवढं टिकेल का?" खरी धास्ती तिथं नसतेच. इंजिन, गिअरबॉक्स बहुतेक किटमध्ये एखाद्या साध्या मोटारीचेच असतात, आणि आता त्यांना पूर्वीच्या निम्मंच वजन ओढायचं असतं. दगा देतं ते आपल्या हातचं काम. वायरीचं टोक, होजचा क्लॅम्प, घाईत आवळलेला नट.

माझंच सांगतो. तिसऱ्या दिवशी हायवेवर तापमानाचा काटा अगदी शहाण्यासारखा. टोलच्या रांगेत दहा मिनिटं थांबलो आणि काटा थेट लाल पट्ट्यावर. रेडिएटरच्या पंख्याची वायर चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नळीवर घासून उघडी पडली होती, फ्यूज उडाला होता. वेगात असताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, त्यामुळे पंखा कधी बंद पडला ते कळलंच नव्हतं. ती वायर मीच एका रात्री "उद्या क्लिप लावू" म्हणून लोंबकळत ठेवली होती. तो उद्या टोलनाक्यावर उगवला.

म्हणून आधी घराजवळ फिरा. ५० किलोमीटर, मग २००, मग ५००. त्यातली एक फेरी भर पावसात आणि एक रात्री करा. प्रत्येक फेरीनंतर सगळे नट-बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) तपासायचे आणि नटावरून शेजारच्या पत्र्यावर मार्करची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. प्रवासात रोज सकाळी पाच मिनिटांत हे बघून होतं, पाना हातात घ्यावाही लागत नाही. सस्पेन्शन आणि स्टीअरिंगच्या रेघा आधी बघा.

आणखी एक, इंजिन ते चॅसी अशी अर्थिंगची जाड पट्टी लावलीय ना? इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, आणि रबरातून वीज जात नाही. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळू शकते. मग माणूस केबल बदलत बसतो, मूळ दोष तसाच.

स्पेअरचं म्हणाल तर बेल्ट, होज, फ्यूज, केबल, वायरीचा तुकडा एवढं पुरे. त्याहून मोलाची एक वही. अल्टरनेटर एका गाडीचा, ब्रेक पॅड दुसऱ्या, बेअरिंग तिसऱ्या, आणि रेडिएटर कुठला ते आठवतही नाही, अशी आपली खिचडी असते. काउंटरवर तुमच्या गाडीचं नाव सांगून काहीही मिळणार नाही. कुठला भाग कुठल्या गाडीचा, कुठल्या वर्षाचा, हे लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं.

सामान कमीच घ्या. १९५७ साली लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी सेव्हन आणली तेव्हा डोळ्यांसमोर शर्यत होती, बॅगा नव्हत्या. पाच-साडेपाचशे किलोच्या गाडीत दोन माणसं आणि मागे बॅगा टाकल्या की मागची बाजू खाली बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, तेव्हा हेडलाइटची दिशा सामान भरूनच लावून घ्या. टायरमध्ये माझ्या गाडीला हवेचा दाब २० पीएसआयच्या आसपास लागतो. कुणी सवयीनं ३२ भरले तर गाडी बेडकासारखी उडत जाते.

विमा कंपनीला गाडी किट आहे हे आधीच लेखी कळवा.

आणि दिवसाला ६०० किलोमीटरचा तुमचा हिशोब ३५० वर आणा. कानात बोळे घातले तरी वारा आणि आवाज माणसाला पिळून काढतात. शिवाय माझी टाकी लहान, त्यामुळे पंपावर वरचेवर थांबावं लागतं, आणि तिथं "ही कुठली गाडी?" विचारणारा कुणीतरी असतोच. त्याचीही पंधरा मिनिटं धरा.